परकाराने काढलेला ठ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा खाणीतल्या कंत्राटी कामगारांविषयी आम्ही बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळवला तो छापील अक्षरांच्या वळणाचा. चालकांपैकी एक गृहस्थ दूरध्वनीवर क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे सुलेखन का?’ सुलेखन नव्हे. सुंदर हस्ताक्षराशी आमचा जन्मात संबंध आलेला नाही. आमच्या कार्यालयातली मुले तर आमची पत्रे टंकलिखित करण्यापूर्वी ती आमच्याकडूनच वाचून घेतात. आम्ही बोलणार आहोत ते यंत्रातून निघणाऱ्या अक्षरांविषयी, आणि त्यातही एका विशिष्ट घराण्याविषयी: परकार आणि पट्टी यांनी आखल्यासारखी दिसणारी, सगळीकडे सारख्या जाडीची, हल्ली दुकानांच्या पाट्यांवर आणि मोबाइलच्या पडद्यावर तुम्ही रोज पाहता ती अक्षरे. आम्ही या विषयाकडे कसे वळलो ते आधी सांगितले पाहिजे, कारण आम्ही हौसेने वळलो नाही.

काही वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावी तेंदूपानांचे संकलन चालू होते. हे काम तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बाया झुंजुमुंजू होताच जंगलात जातात, उन्हे चढायच्या आत पाने खुडून आणतात, दुपारभर घरातली म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळी माणसे सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी ते केंद्रावर मोजून देतात. भाव शंभर पुड्यांवर ठरतो. त्या वर्षी तो ३९० रुपये ठरला होता. ठेकेदाराने केंद्रावर फ्लेक्सचा फलक लावला आणि त्यावर भाव छापला. बायांनी फलक वाचला, ३१०. मुन्शीनेही सहा दिवस ३१०च्या हिशेबाने चुकारा केला. सातव्या दिवशी आम्ही ग्रामसभेकडच्या कराराची प्रत पाहिली तेव्हा भानगड उघडकीस आली.

आम्ही ठेकेदाराच्या माणसाला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, फलक बघा, नऊच आहे.’ आम्ही फलकाजवळ गेलो, चष्मा पुसला आणि पाहिले. खरोखरच तो नऊ होता. दोन पावले मागे आलो, एक झाला. आमच्या १ला आणि ९ला डोके सारखे, शेपूट सारखे. मधला वळसा काय तो वेगळा. त्या टंकात तो वळसा इतका आखूड आणि इतका जाड केला होता की फ्लेक्सच्या शाईत तो बुजून गेला. मुन्शीने हे जाणून केले की तोही फसला, हे आम्हांस आजतागायत ठरवता आलेले नाही. (जाणून केले असेच आमचे मत; पण मत म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही कामगार न्यायालयात पुष्कळ वेळा शिकलो आहोत.) ज्यांच्या कार्डावर पुड्यांची नोंद होती त्यांना फरक मिळाला. ज्या दोघी म्हाताऱ्यांनी शेजारणीच्या कार्डावर आपले पुडे मांडले होते त्यांना मिळाला नाही.

फ्लेक्स छापणाऱ्या पोराला आम्ही विचारले, ‘बाबा रे, हे अक्षर कुठले?’ तो म्हणाला, ‘नवीन आहे, मॉडर्न.’ अधिक त्यास ठाऊक नव्हते. तेव्हा ‘मॉडर्न’ म्हणजे काय, याचा शोध आम्ही सुरू केला.

खिळ्यांशी आमची ओळख मात्र जुनी आहे. शाळा सुटल्यावर आम्ही प्रथम लागलो ते चंद्रपुरातल्या एका लहानशा छापखान्यात. ट्रेडल यंत्र, शिशाचे खिळे, रॉकेलचा वास. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके हा मुख्य धंदा. छापून झालेले खिळे धुवायचे आणि सोडवून ज्याच्या त्याच्या खान्यात टाकायचे हे आमचे काम. आम्हांस वाचनाची गोडी लागली ती तेथे, आणि तीही उलटी, कारण खिळ्यावरचे अक्षर उलटे असते. मराठी जुळाऱ्याच्या पुढ्यात किती खाने असत! सुटी अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या. इंग्रजीचा जुळारी ज्या कामाला दोन पेट्यांत भागवी, त्याला आमच्याकडे भिंतभर पेट्या लागत. एखादे जोडाक्षर कमी पडले की शेजारच्या छापखान्यातून उसने आणावे लागे. परत करताना मोजून.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे नाव तुम्ही जुन्या पोथ्यांवर पाहिले असेल. तो जावजी दादाजींनी १८६९ साली काढला. हे जावजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला होते. घासणारा पोर पुढे टाइपांचा कारखानदार झाला, आणि राणोजी रावजी आरू या कारागीर मित्राच्या हातून त्याने अशी अक्षरे कोरून घेतली की त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या मराठी डोळ्याला ‘छापील अक्षर’ म्हणजे तेच वाटत आले. जावजींची चरित्रे लिहिली गेली, आरूंचे नाव छापखान्याच्या धंद्याबाहेर फारसे कुणास ठाऊक नाही. आमच्या चळवळीतल्या माणसाला याचे नवल वाटत नाही.

ते वळण बोरूचे होते. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, म्हणून रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक उमटते. अक्षरातला हा जाड-बारीकपणा नुसती शोभा नव्हे. डोळा त्यावरून हात कुठून कुठे गेला हे ओळखतो आणि त्यामुळे अक्षरही ओळखतो. आता परकाराचे घराणे म्हणते, बोरू सोडा; रेघ सर्वत्र सारखी ठेवा, वळण असेल तेथे वर्तुळाचा तुकडा ठेवा, टोकांना पाय-कंगोरे नकोत. अक्षराच्या टोकाच्या त्या लहानशा पायांना युरोपात सेरिफ म्हणतात. ते नसलेल्या अक्षरास सॅन्स सेरिफ.

ही कल्पना भरास आली पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत. पाउल रेनर या गृहस्थाने आखलेला ‘फुतुरा’ हा टंक १९२७ साली फ्रांकफुर्टच्या बाउअर ओतशाळेने बाजारात आणला. फुतुरा म्हणजे भविष्य. राजेरजवाड्यांची, धर्मपीठांची नक्षीदार अक्षरे टाकून यंत्रयुगातल्या सर्वसाधारण माणसासाठी साधे अक्षर हवे, अशी त्या काळची तळमळ होती. व्हिएन्नात ओटो नॉयराट यांनी कामगारवर्गाला समाजाची आकडेवारी चित्रांतून समजावण्यासाठी संग्रहालय काढले. त्यांच्या तक्त्यांवर पुढे फुतुराच आला. रेनर स्वतः म्युनिकमध्ये मुद्रकांची शाळा चालवीत. १९३२ साली त्यांनी नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका करणारी पुस्तिका काढली आणि १९३३ साली त्यांना अटक झाली, नोकरीही गेली. १९६९ साली माणसे चंद्रावर उतरली तेव्हा तेथे ठेवलेल्या पाटीवरचा मजकूर फुतुरातच होता. अक्षराचा असा प्रवास पाहिला की आम्हांस मौज वाटते.

पण आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. रेनरनी आरंभी काही अक्षरे अगदी कडक भूमितीने काढली होती. त्यांचा ‘आर’ म्हणजे एक उभी काठी आणि शेजारी एक टिंब. काढायला सुरेख, वाचायला कठीण. शेवटी नित्याच्या छपाईसाठी त्यांना तो नेहमीच्या आकाराकडे आणावा लागला. परकारालाही वाचणाऱ्यापुढे मान तुकवावी लागली.

का, ते सांगतो. एक चौकोन काढा आणि तेवढ्याच उंचीचे वर्तुळ शेजारी काढा. वर्तुळ लहान दिसेल. म्हणून टंक आखणारा वर्तुळाला रेषेच्या किंचित बाहेर जाऊ देतो. एक आडवी आणि एक उभी रेघ अगदी सारख्या जाडीची काढा. आडवी जाड भासते. म्हणून ती चोरून थोडी बारीक करतात. वर्तुळ जेथे दांड्याला चिकटते तेथे दोन जाडी एकत्र येऊन काळा गोळा दिसतो, म्हणून तेथे रेघ निमुळती करतात. म्हणजे जे अक्षर तुम्हांस अगदी समान दिसते त्यात समान असे काहीच नसते. ते समान दिसावे म्हणून कुणीतरी महिनोन्‌महिने असमानता मोजून घातलेली असते. ‘सर्वांस सारखे’ ही मागणी आम्ही आयुष्यभर मागणीपत्रात लिहीत आलो. सपाट जमिनीवर चालणाऱ्याला आणि शेकडो पायऱ्या उतरून कोळशाच्या तोंडाशी जाणाऱ्याला सारखाच प्रवासवेळ धरणे हे समान की असमान, यावर आम्ही एकदा व्यवस्थापनाशी चार तास वाद घातला होता. तो वाद टंक आखणाऱ्यास ताबडतोब समजला असता.

हे झाले रोमन अक्षरांचे. देवनागरीत काम दुप्पट नव्हे, दहापट अवघड आहे. त्यांची अक्षरे जमिनीवर उभी असतात, आमची शिरोरेघेला टांगलेली. त्यांच्याकडे ‘ओ’चे एक वर्तुळ आणि एक दांडा साधला की ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘क्यू’ त्यातूनच निघतात. आमच्याकडे परकाराने सरळ निघेल असे अक्षर एकच: ठ. त्याच्या मागोमाग ट आणि ढ. व साधला की ब आणि क सुटतात. पण पुढे? झ, ह, छ, क्ष, ज्ञ यांना परकार कुठे टेकवणार? शिवाय शिरोरेघ. ती ओळभर धावते, सर्वांत लांब आडवी रेघ तीच, तेव्हा तिची जाडी जरा चुकली की सगळे पान काळ्या पट्ट्यांचे दिसते. वरती वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार; ‘र्कीं’ आणि ‘ट्रू’ एकाखाली एक आले की त्यांची टक्कर व्हायची.

आणि सर्वांत मोठा धोका सारखेपणाचा. आमच्या लिपीत कित्येक जोड्या अशा आहेत की त्यांच्यातला भेद एका गाठीवर किंवा एका फटीवर उभा आहे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, ष आणि प. ख जर खाली नीट जुळला नाही तर तो ‘रव’ होतो. ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांचा घोटाळा जुनाच आहे. बोरूच्या अक्षरात हा भेद जाड-बारीक रेघेने राखला जाई. परकार तो आधार काढून घेतो. मग भेद राखायचा कशाने? गाठ मोठी करून, फट रुंद करून, वळसा लांबवून. आमच्या फलकावर नेमके तेच केलेले नव्हते. ज्याने तो आकडा आखला त्याने त्याला संगणकाच्या पडद्यावर हातभर मोठा करून पाहिला असेल. बारा हातांवरून, उन्हात, पाचवीपर्यंत शिकलेल्या बाईच्या डोळ्यांनी पाहिला नसावा.

यंत्राच्या सोयीसाठी अक्षरालाच वाकवण्याचा प्रयत्नही आपल्याकडे होऊन गेला आहे. १९५३ साली लखनौला लिपी-सुधारणेची परिषद भरली. त्यात ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या अलीकडून काढून पलीकडे न्यावी असा निर्णय झाला. टंकलेखन यंत्राला ते सोपे. लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि १९५७ साली वेलांटी पुन्हा जागेवर आली. पुढे यंत्रच शहाणे झाले. आजचा संगणक ‘कि’ लिहिताना वेलांटी स्वतःच उचलून अलीकडे ठेवतो.

आता ज्या टंकाने आम्हांस हे सारे नीट समजले त्याविषयी. २०१४ साली अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने ‘पॉपिन्स’ नावाचा टंक काढला. देवनागरी निनाद काळे यांनी आखली, रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी. दोन्ही लिप्या वर्तुळावर उभ्या. अशा घराण्यातला, बारीक ते जाड अशा अनेक वजनांत मिळणारा देवनागरीतला हा पहिलाच, असे काढणाऱ्यांनी सांगितले आहे. एकेका वजनात हजारावर आकार आहेत; आमच्या छापखान्याच्या भिंतभर पेट्या एका फाइलीत बसल्या म्हणा ना. त्यातली एक गोष्ट आम्हांस फार आवडली. दोन लिप्या शेजारी आल्या की एरवी आमचे अक्षर बापुडवाणे दिसते, कारण माप इंग्रजी कॅपिटलचे धरलेले असते. येथे रोमन कॅपिटल देवनागरीपेक्षा ठेंगणी ठेवली आहेत. भाषेच्या सन्मानावर भाषणे पुष्कळ होतात. हे काम कुणीतरी मुकाट्याने करून ठेवले आहे.

हा टंक फुकट मिळतो. कुणीही वापरावा, बदलावा, असा त्याचा परवाना आहे. ‘फुकट’ हा शब्द आला की आमचे कान टवकारतात. अक्षर फुकट असते, आखणाऱ्याचे श्रम फुकट नसतात. येथे ते अमेरिकेतल्या गूगल कंपनीच्या भांडारातून आपल्यापर्यंत आले. बल्लारपूरच्या कारखान्यात आमच्या जंगलाच्या बांबूचा कागद वर्षानुवर्षे झाला, त्यावर छापायचे मराठी अक्षर मात्र सर्वांस मोकळे करून द्यायला परदेशी कंपनी पुढे आली, ही गोष्ट आमच्या घशाखाली सहज उतरत नाही. पण अक्षर चांगले आहे, तेव्हा वापरतो. त्याच सुमारास मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे टंक असेच मोकळे केले. मुक्ता परकाराच्या घराण्यातला नव्हे. त्याच्या रेघेत हाताची आठवण शिल्लक आहे.

मग आम्ही एक प्रयोग केला. पंडित लोक याला हसतील. एकच सूचना, तीन ओळींची, त्यात मुद्दाम ख, ध, भ, थ, १ आणि ९ घातलेले, आम्ही चार टंकांत छापून घेतली आणि पाळी सुटण्याच्या वेळी कार्यालयाच्या ओसरीत, चाळीसच्या दिव्याखाली लावली. घुग्घूसकडचे काही खाणकामगार होते, कागद गिरणीतले होते, आणि बैठकीसाठी धानोऱ्याकडून आलेल्या बाया होत्या. आवडले कोणते हे विचारले तर पुरुषांनी सर्वांत जाड अक्षराकडे बोट दाखवले. आम्हांसही तेच आवडले होते, घोषणेला शोभेसे. वाचायला सांगितले तेव्हा जाडातच सर्वाधिक अडखळले, कारण ध आणि थ यांच्या गाठी भरून गेल्या होत्या. मध्यम वजनात मोकळे अंतर ठेवून छापलेली सूचना सगळ्यांनी वाचली. एक बाई शिरोरेघेवरून बोट फिरवीत वाचत होत्या, सावकाश, वाट चाचपडावी तशा. जेथे शिरोरेघ तुटते, ध-भ-थ यांच्या डोक्यावर, तेथे त्यांचे बोट थांबे आणि त्या नीट पाहत. ती तूट म्हणजे खूण आहे, हे खिळे धुताना इतक्या वर्षांत आमच्या लक्षात आले नव्हते. हल्ली काही हौशी टंकांत ती फट जवळजवळ बुजवलेली असते, ओळ सफाईदार दिसावी म्हणून.

एका साहेबांनी आम्हांस सुचवले, आकडे इंग्रजी छापा, भांडण मिटेल. बाजाराच्या पावत्या इंग्रजी आकड्यांच्याच असतात, हे खरे. पण त्या दोघी म्हाताऱ्या साक्षरता वर्गात मराठी आकडे गिरवून शिकल्या. त्यांच्या मेहनतीचा आकडा त्यांनी कमावलेल्या लिपीत असू नये काय?

या दोन जिल्ह्यांत प्रश्न मराठीपुरता नाही. सिरोंच्याला प्राणहिता-गोदावरीच्या काठी घरोघर तेलुगू चालते, आणि तेलुगू अक्षर इतके वाटोळे की परकार जणू तिच्यासाठीच निर्माण झाला. मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालातून आलेल्यांची वस्ती. त्यांचे अक्षर कोनाकोनांचे. गोंडी आणि माडिया बहुधा देवनागरीत लिहिली जाते. तथापि गोंडीच्या स्वतःच्या लिप्याही आहेत. मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली तयार केलेली लिपी २०१७ साली युनिकोड या जागतिक संकेतात दाखल झाली, आणि तेलंगणातल्या गुंजाला गावी मिळालेल्या हस्तलिखितांतली दुसरी लिपी त्याच्या पुढच्याच वर्षी. संकेतात जागा मिळणे म्हणजे मतदारयादीत नाव लागणे. प्रत्यक्ष मतदानाला केंद्र लागते, तसे येथे निरनिराळ्या वजनांचे, छोट्या पडद्यावर आणि मोठ्या फलकावर सारखेच टिकणारे टंक लागतात. ते मराठीपाशी आज आहेत, गोंडीपाशी नाममात्र. ‘बहुगुणी टंक’ म्हणून जाहिरात होते तेव्हा आम्ही प्रथम हे विचारतो, त्यात किती भाषांची माणसे मावतात?

आता त्या गावाचे सांगून थांबतो. पेसा कायद्याच्या आधारे गडचिरोलीतल्या पुष्कळ ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या आहेत, तशी त्या गावानेही पुढच्या हंगामात केली. म्हणजे फलकही आता ग्रामसभेचा. त्यांनी आम्हांस अक्षर विचारले. आम्ही मोठ्या ऐटीत संगणकावर चार नमुने काढून नेले. सचिव मुलगी तरुण, बारावी झालेली; तिने नमुने पाहिले, एक निवडला, मध्यम वजनाचा, आणि छापून आल्यावर फलक केंद्राच्या खांबाला बांधला. मग घरातून काळा रंग आणि कुंची आणली. छापील आकड्याखाली आपल्या हाताने, वितभर उंच अक्षरांत तिने भाव पुन्हा लिहिला, आकड्यांत नव्हे, शब्दांत. नव्वदातला ‘व्व’ तिला दोनदा पुसावा लागला. आजूबाजूला पुडे घेऊन बसलेल्या बाया तो पुरा होईपर्यंत थांबल्या आणि मग मोजणी सुरू झाली.